विजेवरची स्कूटर आणि आपली पडवी

लुना नावाची छोटी गाडी पुष्कळांना आठवत असेल. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने ती १९७२ साली बाजारात आणली. दूधवाले, शिक्षक, कारकून अशा कितीतरी लोकांनी ती वापरली. ही लुना फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा विकायला आली. पण आता ती पेट्रोल पीत नाही. ती विजेवर चालते.

लुनासारख्या विजेच्या आणखी किती तरी गाड्या आता निघाल्या आहेत. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या नाक्यावर घटकाभर उभे राहा. हिरव्या पाटीवर पांढरा नंबर लिहिलेली स्कूटर दिसली, की ती विजेवरची समजावी. गाडी चांगली आहे. धूर नाही, आवाज नाही, खर्च कमी. साधारण स्कूटरची बॅटरी ३ युनिटची असते. भरताना थोडी वीज वाया जाते, म्हणून मीटरवर साडेतीन युनिटे पडतात असे धरू. युनिटला १० रुपये धरले, तर ३५ रुपयांत गाडी भरली. पेट्रोलचा हिशेब ज्याचा त्याला ठाऊकच आहे.

म्हणून ही गाडी घेऊ नका असे आम्ही सांगत नाही. घ्यावी. पण एक गोष्ट ध्यानात घेऊन घ्यावी.

पेट्रोलची गाडी आपण पंपावर भरतो. पंपावर काय काय असते ते आठवा. विडी ओढू नका अशी पाटी असते. वाळूच्या बादल्या टांगलेल्या असतात. गाडी बंद करायला लावतात. पेट्रोल पेट घेते, हे पंपवाल्याला ठाऊक असते, म्हणून तो ही काळजी घेतो. विजेवरची गाडी मात्र आपण घरी भरतो. म्हणजे पंपच आपल्या पडवीत आला. मग पंपवाला कोण झाला? आपणच. वाळूची बादली आणि पाटी यांची काळजी आता घरधन्याने आणि घरधनिणीने घ्यायची आहे.

कुणी म्हणेल, "मास्तर, विजेला कसली आग? मोबाइल नाही का आपण रोज चार्ज करत?" खरं आहे. मोबाइलमधली बॅटरी आणि स्कूटरमधली बॅटरी एकाच जातीची, लिथियमची. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने ती प्रथम विकायला आणली. ती शोधून काढणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण मोबाइलात एक छोटासा सेल असतो. स्कूटरच्या पेटीत असे अनेक सेल दाटीने बसवलेले असतात. पुष्कळ पेट्यांत तर शेकड्यांनी असतात.

प्रत्येक सेलमध्ये दोन पदर असतात. मध्ये कागदासारखा पातळ पडदा असतो आणि पेट घेणारा एक द्रव असतो. हा पडदा शाबूत आहे तोवर सर्व ठीक. गाडी जोरात आपटली, पेटीत पाणी शिरले, चुकीच्या चार्जरने जादा वीज कोंबली, किंवा सेलच कच्चा निघाला, तर पडदा फाटतो. दोन पदर एकमेकांना भिडतात. सेल तापतो. त्याच्या उष्णतेने शेजारचा तापतो, त्याने त्याच्या पलीकडचा. फटाक्यांच्या माळेसारखे होते. एकाला बत्ती लागली, की सारी माळ उडते. यात वेळ फार थोडा मिळतो. आधी धूर येतो, आणि तो धूर विषारी असतो.

हे असे नेहमी होत नाही. हजारो गाड्या रोज सुखरूप चार्ज होतात. पण होते तेव्हा काय होते ते पाहा. मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूत वेल्लूर येथे रात्री घरात स्कूटर चार्जिंगला लावली होती. तिने पेट घेतला आणि धुराने गुदमरून बाप आणि त्याची मुलगी दोघेही दगावली. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या महाराष्ट्रात, वसईला, एका घरात स्कूटरची बॅटरी काढून बाहेरच्या खोलीत चार्जिंगला ठेवली होती. त्याच खोलीत घरातले सात वर्षांचे मूल झोपले होते. पहाटे बॅटरीचा स्फोट झाला. मूल फार भाजले आणि काही दिवसांनी इस्पितळात वारले.

दोन्ही ठिकाणी वेळ एकच होती. माणसे झोपलेली आणि बॅटरी जागी.

या आणि अशा आगींनंतर सरकारने बॅटरीच्या कसोट्या कडक केल्या. त्या नियमाचे नाव एआयएस १५६. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. तेव्हा कुणी जुनी गाडी स्वस्तात देऊ लागला, तर ती कोणत्या साली बनलेली आहे हे कागदावर वाचून पाहावे. मार्च २०२३ नंतरची असेल तर बरे. आता आपल्याला वाचता येते. दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे कारण नाही.

आता चार्जिंग कुठे करावे ते पाहू. आपल्या कोकणातल्या घराला पडवी असते, ही मोठी सोय आहे. वारा खेळता असतो, वर छप्पर असते. पण आपल्या पडवीत आणखी काय काय असते? मिरगाआधी आपण लाकडे पडवीत रचतो. शेणी ठेवतो. पेंढा ठेवतो. कुणाचे रॉकेलचे डबडेही असते. स्कूटर तिथेच लावली, तर चुलीत निखारा ठेवल्यासारखे झाले. तेव्हा लाकूडफाटा एका टोकाला आणि स्कूटर दुसऱ्या टोकाला ठेवावी. गोठ्यात तर कधीच नको. बांधलेले जनावर पळू शकत नाही.

दुसरी गोष्ट दरवाजाची. पुष्कळ घरांत पडवीतूनच आत-बाहेर जायचा रस्ता असतो. स्कूटर नेमकी दाराच्या तोंडाशी लावतात, कारण बोर्ड तिथे असतो. आग लागली तर घरातली माणसे बाहेर कशी यायची? बोर्ड पलीकडे नेण्याचा खर्च फार नाही. वायरमनला सांगून तो आधी नेऊन घ्यावा. काढता येणारी बॅटरी असेल तर ती कॉटखाली, देवघरात, माजघरात नेऊन लावू नये. पडवीतच लावावी, फरशीवर किंवा जमिनीवर. गादीवर, गोणपाटावर ठेवू नये.

आणि चार्जिंग रात्री नको. संध्याकाळी घरी आल्यावर गाडी अर्धा तास निवू द्यावी, मग लावावी, आणि निजण्यापूर्वी काढावी. साध्या चार्जरने चार-पाच तास लागतात. तेवढा वेळ नसेल तर अर्धी भरावी. रोज पूर्ण भरलीच पाहिजे असे नाही. दुपारी घरात कुणी जागे असेल, तेव्हा लावणे सर्वांत चांगले.

भिंतीतल्या विजेकडेही पाहिले पाहिजे. स्कूटरचा प्लग तीन पायांचा असतो. वरचा जाड पाय हा अर्थिंगचा. तो उगाच दिलेला नाही. चार्जरच्या अंगात वीज उतरली, तर ती त्या पायातून जमिनीत जाते, माणसाच्या अंगातून जात नाही. पण तारेच्या पुढे जमिनीत अर्थिंगच नसेल तर त्या पायाचा काय उपयोग? आपली जमीन जांभ्याची. चैत्र-वैशाखात ती अगदी कोरडी पडते. कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओतावे, आणि वर्षातून एकदा वायरमनकडून ते तपासून घ्यावे. त्यालाच सांगून मीटरजवळ आरसीसीबी नावाचा स्विच बसवून घ्यावा. गळकी वीज माणसाच्या अंगातून जाऊ लागली, की तो स्विच क्षणात वीज तोडतो. ३० मिलिअॅम्पियरचा मागावा.

टीव्हीच्या बोर्डावरून लांब वायर ओढून, तिच्यात दुसरी वायर खोचून, असे जोड देऊन स्कूटर चार्ज करतात. ते करू नये. पातळ वायर तापते. वेटोळे करून ठेवलेली आणखी तापते. चार्जरवर कापड टाकू नये, तोही तापतो आणि त्याला वारा लागतो. कधी तरी बटण बंद करून लगेच प्लग काढावा आणि हात लावून पाहावा. चटका बसण्याइतका गरम असेल, तर सॉकेट ढिले झाले आहे. बदलून घ्यावे.

चार्जरवर एक चिकटवलेली चिठ्ठी असते. ती वाचावी. त्यावर आकडे असतात, कुठे ४८ व्होल्ट, कुठे ६०, कुठे ७२. बॅटरीवरही तसाच आकडा असतो. चार्जर कंपनीने गाडीबरोबर दिलेलाच वापरावा. शेजाऱ्याच्या चार्जरची पिन आपल्या गाडीत बसते, म्हणून तो चार्जर आपला होत नाही. पिन बसली तरी व्होल्ट वेगळे असू शकतात. नवसाक्षर माणसाच्या वाचनाचा याहून मोठा उपयोग आम्हाला तरी ठाऊक नाही.

वळवाचा पाऊस गडगडू लागला, की प्लग काढून ठेवावा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

इतके करूनही धूर दिसलाच तर? जवळ जाऊन पाहू नये. बॅटरी उचलून बाहेर फेकायला जाऊ नये. मेन स्विच हाताशी असेल आणि धुराच्या वाटेत नसेल तर पाडावा. माणसे बाहेर काढावीत, म्हातारी आणि मुले आधी. मग १०१ किंवा ११२ ला फोन करावा आणि बॅटरीची आग आहे असे सांगावे. ही आग विझली असे वाटले तरी काही वेळाने पुन्हा पेटते, म्हणून जळालेली गाडी घराशी आणून ठेवू नये.

आता रस्त्यावर येऊ.

या गाडीला आवाज नाही. हा तिचा गुण, आणि हाच तिचा दोष. आपल्या वाडीतल्या वाटा अरुंद. दोन्ही बाजूंना गडगे. वळणावर म्हातारा बाबा आपल्या नादात चाललेला असतो. पोर विटीदांडू खेळत असते. पेट्रोलची गाडी फर्लांगावरून ऐकू येते. ही अंगावर येईपर्यंत कळत नाही. म्हणून वाडीत सायकलीच्या वेगाने चालवावी आणि प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवावा. गुरे असतील तर थांबावे.

आवाज नाही म्हणून आणखी एक घोटाळा होतो. गाडी चालू आहे की बंद, हे कळत नाही. दुकानाशी माणूस उतरतो, किल्ली तशीच ठेवतो, "काडेपेटी घेऊन लगेच येतो" म्हणतो. मागून पोर येते, मूठ पिळते, आणि गाडी एकदम झेपावते. विजेच्या मोटारीला पेट्रोलसारखी गती घ्यायला वेळ लागत नाही. मूठ पिळली की सारा जोर तत्क्षणी लागतो. दोन मिनिटांसाठी उतरलात तरी किल्ली खिशात घालावी. शिकणाऱ्यानेही मूठ हळूहळू पिळावी. पहिले चार दिवस मोकळ्या मैदानात किंवा सड्यावर चालवावी.

आपला मुलूख चढउताराचा. रत्नागिरीहून आरे-वाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जा, की निवळीच्या घाटात उतरा, की आंबा घाट चढून कोल्हापूरच्या बाजूला निघा, सपाट रस्ता थोडाच. चढावर ही गाडी बॅटरी भराभर खाते. कंपनी १०० किलोमीटर सांगते, ते एका माणसाचे आणि बेताच्या वेगाचे. आपण मागे घरधनीण, पुढे तांदळाची पिशवी आणि वाटेत दोन चढ असे जातो. तेव्हा १०० चे ७० धरावेत. गणपतीपुळे सुमारे २५ किलोमीटर. जाऊन येऊन ५० झाले. ७० मध्ये ते बसते, पण परतताना बाजार करायला आणखी कुठे वळू नये. एक छोटी वही डिकीत ठेवावी आणि किती भरली, किती चालली हे महिनाभर लिहावे. कंपनीच्या आकड्यापेक्षा आपल्या वहीतला आकडा खरा.

उतारावर वेगळेच प्रकरण आहे. पुष्कळ गाड्यांत मूठ सोडली, की मोटार उलटे काम करते. ती चाकाला आवरते आणि थोडी वीज परत बॅटरीत घालते. चालवणाऱ्याला त्याची सवय होते. त्याला वाटते, मूठ सोडली की गाडी आपोआप आवरेल. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत येणारी वीज मावणार कुठे? म्हणून तेव्हा ते आवरणे पुष्कळ गाड्यांत बंद होते किंवा कमी होते. आता ज्याचे घर सड्यावर आहे त्याचा विचार करा. त्याने गाडी पूर्ण भरली आणि घरातून निघताच उतार लागला. मूठ सोडली, गाडी आवरेना! घाबरून तो एकदम पुढचा ब्रेक दाबतो आणि पडतो. तेव्हा उंचावर राहणाऱ्यांनी बॅटरी थोडी रिकामी ठेवूनच निघावे. शंभरात नव्वद पुरे. उतारावर दोन्ही ब्रेक मिळून, थोडे दाबून थोडे सोडून वापरावेत. या गाडीला गिअर नाही, त्यामुळे सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेकची झीज म्हणून वेळेवर तपासून घ्यावी. टायरची हवा पंधरा दिवसांनी पाहावी. देखभालीचे एवढेच काम आपले, कारण हिला ऑइल नाही, प्लग साफ करणे नाही, कार्बोरेटर नाही. उंदरांनी वायर कुरतडली आहे का ते मात्र पाहत जावे. त्यांना पडवीतली गाडी फार आवडते.

हेल्मेट घालावे, मागे बसणाऱ्यानेही. त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा आकडा असावा. पावसात मागे बसून छत्री उघडणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. वाऱ्याने छत्री ओढली, की गाडीही तिच्याबरोबर जाते. त्यापेक्षा रेनकोट बरा. लुगड्याचा पदर आणि ओढणी खोचूनच बसावे.

रत्नागिरीत पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पावसात गाडी चालवायला हरकत नाही. चांगली बॅटरी पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास राहिली, तरी आत थेंब जाऊ नये अशी कसोटी असते. त्या बॅटरीवर आयपी ६७ असे लिहितात. पण ही कसोटी नव्या बॅटरीची. पाच वर्षे खड्ड्यांत आपटलेल्या पेटीचे रबर तसेच राहते काय? तेव्हा वाहत्या पाण्यात गाडी घालू नये. जोराच्या फवाऱ्याने धुऊ नये. ओल्या फडक्याने पुसावी.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचा पूर चिपळुणात शिरला. दुकानांत, घरांत पाणी भरले, गाड्या बुडाल्या. तशी वेळ पुन्हा आली आणि विजेची स्कूटर पाण्याखाली गेली, तर ती वाळल्यावर किल्ली लावून पाहण्याचा मोह होईल. लावू नये. चार्जिंगला तर मुळीच लावू नये. घरापासून दूर, उघड्यावर ठेवावी आणि मिस्त्रीला बोलवावे. आत शिरलेले पाणी कधी कधी काही दिवसांनी घात करते. खारे पाणी त्याहून वाईट. २०२२ साली अमेरिकेत फ्लॉरिडा किनाऱ्यावर मोठे वादळ झाले. समुद्राचे पाणी लागलेल्या काही विजेच्या मोटारी वादळ शमल्यावर पेटल्या. पाणी वाळते, मीठ मागे राहते, आणि त्या मिठातून वीज नको तिथे वाहू लागते. म्हणून भाट्याच्या पुळणीवर गाडी घालून लाटांत फोटो काढणाऱ्या पोरांना आवरले पाहिजे.

वादळाची आणखी एक बाजू आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. वादळाची सूचना रेडिओवर आली, की गाडी आधीच भरून ठेवावी. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायची वेळ अशाच दिवसांत येते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. २५ किलोमीटरहून जास्त न पळणारी आणि २५० वॉटपर्यंतच्या मोटारीची गाडी असेल, तर नोंदणी आणि लायसन लागत नाही. बाकी सर्व गाड्यांना नोंदणी, विमा आणि लायसन ही पेट्रोलच्या गाडीसारखीच लागतात. काही दुकानदार म्हणतात, "छोटीच गाडी घ्या, वेग आम्ही वाढवून देतो." तसे करणे बेकायदा आहे. अपघात झाला तर विमाही नाही आणि लायसनही नाही, सारे आपल्या डोक्यावर. अजाण मुलाच्या हाती गाडी दिली आणि गुन्हा घडला, तर २०१९ च्या सुधारलेल्या कायद्याने पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

मुंबईच्या चाकरमान्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ते गणपतीला गावी येतात, घरी ठेवलेली स्कूटर चालवतात आणि शिमग्यापर्यंत पडवीत झाकून ठेवून जातात. परत येऊन पाहावे तो बॅटरी मेलेली. रिकामी बॅटरी पडून राहिली की आतून मरते. पूर्ण भरून ठेवलेलीही लवकर म्हातारी होते. जाताना ती निम्मी भरून ठेवावी, आणि महिन्यातून एकदा शेजारच्या काकांना किंवा वहिनींना बघायला सांगावे. निम्म्याच्या फार खाली गेली तर त्यांनी तासभर चार्ज करावी, आणि तेवढा वेळ तिथेच बसावे. गाडी माडाखाली ठेवू नये, हे कोकणच्या माणसाला सांगायला नको.

बॅटरी काही वर्षांनी उतरते. मग गाडी निम्मीच चालते. पेटी फुगलेली दिसली, गोडसर उग्र वास आला, किंवा चार्जिंगला ती फार तापू लागली, तर त्याच दिवशी वापर बंद करावा. गावच्या कारागिराकडून उघडून दोन-चार सेल बदलून घेण्यात पैसे वाचतात, असे सांगतात. आम्ही ते करू देणार नाही. नवा सेल आणि जुना सेल एका पेटीत नीट नांदत नाहीत. जुनी बॅटरी भंगारवाल्यालाही विकू नये. तो ती फोडतो आणि आग त्याच्या झोपडीत लागते. २०२२ च्या नियमाप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीची आहे. जिथून गाडी घेतली त्या दुकानात ती न्यावी, आणि परत घेतल्याची पावती मागावी. पावती नीट वाचून मगच खिशात घालावी.